साडेबाराशे उड्या

मिस्त्रीने मोहिमेची आखणी सुरू केली तेव्हा त्याला घराबाहेर न पडता पाच महिने झाले होते. आखणी संपली तेव्हा दहा.

मिस्त्री म्हणजे लिफ्ट बसवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस. वय बेचाळीस, या कामात अठरा वर्षं गेलेली. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत, आणि चिडली की बायकोसुद्धा तेच म्हणायची. घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये अडीच हात जागा उरली होती. तिथे टेबल, टेबलावर संगणक, आणि संगणकात एक अख्खी आकाशगंगा.

खेळ अंतराळाचा होता. आपलं एक यान असतं. ते घेऊन माल वाहावा, लढाया कराव्यात, नाहीतर नुसतंच भटकावं. तारे अब्जावधी, आणि त्यातल्या बहुतेकांजवळ अजून एकही खेळाडू पोचलेला नाही. मिस्त्रीचं यान अगदी लहान, नाव पाकोळी. त्याला जायचं होतं थेट दुसऱ्या टोकाला, पासष्ट हजार प्रकाशवर्षं लांब. पाकोळी एका उडीत बावन्न प्रकाशवर्षं कापायची. म्हणजे साडेबाराशे उड्या.

अशा प्रवासात घाई अंगाशी येते. काही ताऱ्यांजवळून उडताना इंधन भरून घेता येतं, काहींजवळ थेंबही मिळत नाही. तसे चार कोरडे तारे ओळीने लागले की संपलंच. फार जवळ गेलं तर यान तापतं. आणि वाटेत कुठे यान फुटलं, तर निघालो त्या तळावर परत, आणि तोवर शोधलेलं सगळं पुसलेलं. म्हणून मिस्त्रीने एक जाड वही केली होती. मुक्काम, इंधनाचे तारे, तारे विरळ होतात ते पट्टे, पर्यायी वाटा. यानाचं वजन कमी व्हावं म्हणून त्याने तोफा काढल्या, मालाची कोठारं काढली, एक बाक होतं तेही काढलं. दर आठवड्याला आणखी काहीतरी निघायचं किंवा परत बसायचं.

लोकांना वाटे, घरी बसून माणूस खेळतोय. पण तो खेळत नव्हता. तो फक्त निघायची तयारी करत होता.

घरात बसायची वेळ आली ती अशी. एका नऊमजली कार्यालयात तो लिफ्टच्या डब्याच्या छतावर उभा राहून काम करत होता. दुपारी बाराच्या सुमाराला वीज गेली आणि डबा दोन मजल्यांच्या मध्ये अडकला. समोर कोरी भिंत, वरचा दरवाजा हाताला लागेना, आणि फोन खाली हत्यारांच्या पेटीत. संध्याकाळी सातला कुणाला तरी ती पेटी दिसली आणि मग त्याला काढलं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. तोही म्हणाला, हो ना.

चार दिवसांनी तो कामावर गेला आणि लिफ्टच्या पोकळीत पाऊल टाकवेना. पुढच्या आठवड्यात लिफ्टमध्येच चढवेना. मग जिना नकोसा झाला, कारण जिन्याच्या भिंतीपलीकडून लिफ्टचा आवाज यायचा. शेवटी एका सकाळी दाराची कडी काढायला हात वर गेला तो तसाच राहिला, आणि तळहात घामाने निथळला. त्या दिवसापासून कडी त्याने काढली नाही.

बायको रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सकाळी सातला जायची, संध्याकाळी सहाला यायची. सुरुवातीला तिने समजावलं, मग रागावली, मग तिच्या ओळखीच्या एका डॉक्टरबाईंशी फोनवर बोलायला लावलं. मिस्त्री तीन वेळा बोलला, 'बरं वाटतंय' म्हणाला, आणि चौथ्या वेळेस फोन उचललाच नाही. शेवटी तिने आपल्या आईला बोलावून घेतलं. "पंधरा दिवस राहायला येतेय," असं तिने सांगितलं.

त्याला सात महिने झाले.

सासूबाई बसचालक होत्या. चोवीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेल्या. आवाज खणखणीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बसल्या की दोन्ही हात नकळत चाक धरल्यासारखे मांडीवर. पहिले काही आठवडे त्यांनी जावयाच्या खोलीत डोकावलंही नाही. मग एक दिवस खुर्ची ओढून त्या त्याच्यामागे बसल्या.

"हे काय काढताय?"

"ढाल आहे, आई. वजन कमी करतोय."

"आणि कुणी आपटलं तर?"

"तिथे कुणीच नसतं. हजारो प्रकाशवर्षं एकटं."

"मग कोण आपटणार? आपणच आपटणार," त्या म्हणाल्या. "स्टेपनी काढून लांबच्या फेरीला निघणारे चालक मी पाहिलेत, जावईबापू. सगळे मधल्या घाटात भेटतात."

मिस्त्रीला हसू आलं. ढाल त्याने परत बसवली. त्यानंतर रोज जेवणं झाली की सासूबाई त्याच्यामागे येऊन बसू लागल्या. कुठल्या ताऱ्याला इंधन आहे हे त्यांनी रंगावरून पाठ केलं. उडी कशी मारायची, तळावर यान कसं उतरवायचं, सगळं विचारून घेतलं. रस्त्याचा प्रश्न आला की म्हातारीचं डोकं तिशीतल्यासारखं चाले. त्या दुपारच्या दोन तासांत घर जरा घरासारखं वाटायचं.

खेळाडूंचा एक गटही त्याच टोकाला निघणार होता. त्यांच्या म्होरक्याने खेळातलं नाव घेतलं होतं काजवा, आणि तो कानातल्या यंत्रातून सगळ्यांशी बोलायचा. निघायचं ठरलं एका रविवारी, सकाळी दहाला. बेचाळीस यानं एका तळाभोवती जमली. बायकोला सुट्टी होती. तीही चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली. इतक्या महिन्यांत नवऱ्याच्या एखाद्या कामाला मुहूर्त लागत होता, म्हणून असेल.

काजव्याने उलटे आकडे मोजले. दहा, नऊ, आठ. शून्य म्हटल्याबरोबर पडद्यावर एकामागून एक यानं ताणल्यासारखी लांब होऊन नाहीशी झाली. एकेचाळीस.

पाकोळी तळावरच होती. तिला तळाला धरून ठेवणारे पकडकाटेसुद्धा सुटले नव्हते. मिस्त्रीचं बोट कळीवर होतं आणि ते खाली जात नव्हतं.

"पाकोळी, काय झालं?" काजवा कानात विचारत होता.

"नेटवर्क गेलंय," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे, मी गाठतो."

त्याने कानातलं यंत्र काढून ठेवलं. बायकोने आईकडे किंवा नवऱ्याकडे न बघता हातातला कप मोरीत नेऊन ठेवला. नेटवर्क उत्तम चालू आहे हे तिघांनाही पडद्याच्या कोपऱ्यातल्या हिरव्या रेघांवरून दिसत होतं.

मिस्त्रीला स्वतःची भीती वाटली ती त्या दिवशी. दार, जिना, लिफ्ट, हे सगळं त्याने समजून घेतलं होतं. तिथे काहीतरी घडलं होतं. पण या खोलीत, या खुर्चीत बसून, चित्रातलं यान चित्रातल्या तळावरून सोडता येऊ नये? म्हणजे ते जे काय होतं ते दाराबाहेर नव्हतंच. ते त्याच्याबरोबर आत येऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने वहीचं नवं पान उघडलं आणि आखणी पहिल्यापासून सुरू केली.

तीन आठवडे असेच गेले. मग त्याच्या कंपनीचं पत्र आलं. अठरा तारखेला कंपनीच्या डॉक्टरसमोर प्रत्यक्ष हजर राहावं. नाही राहिलात तर नोकरीतून मोकळं करण्यात येईल. बायकोने पत्र दोनदा वाचलं.

"आपण आजच थोडं उतरून बघू," ती दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली. "मी हात धरते. फक्त तिसऱ्या मजल्यापर्यंत."

दार तिने उघडलं. त्याने पायात चपला घातल्या. दहा महिन्यांत त्या घट्ट झाल्यासारख्या वाटल्या. सहा पायऱ्या तो उतरला. सातवीवर असताना भिंतीपलीकडे मोटर गुणगुणली आणि डबा वर सरकू लागला. त्याला श्वास आत घेता येईना. तो खाली बसला, मग हाताने चाचपत, पाठ खालच्या बाजूला करून, रांगत वर आला. वरच्या मजल्यावरच्या बाई कचरा टाकायला निघाल्या होत्या, त्यांनी पाहिलं. बायकोने त्यांना नमस्कार केला, जणू काही नवरा रोज असाच जिना चढतो.

घरात आल्यावर ती म्हणाली, "मला कळत नाही रे. सात तास होते फक्त. मी वाईट अर्थाने नाही म्हणत. पण मला खरंच कळत नाही." आणि ती कामावर निघून गेली.

त्यानंतर दोन दिवसांनी ती गोष्ट झाली. मिस्त्री अंघोळीला गेला होता. खेळ चालूच होता. पाकोळी नेहमीप्रमाणे तळावर. अंघोळ करून तो टॉवेल खांद्यावर टाकून खोलीत आला तर खुर्चीत सासूबाई. पाठ ताठ, चष्मा नाकावर, जीभ दातांत धरलेली. पडद्यावर एक नारिंगी तारा भला मोठा होऊन बाजूने सरकत होता.

"इंधन भरतेय," त्या मान न वळवता म्हणाल्या. "अकरावी उडी."

"आई! हे काय केलंत?"

"काही बिघडलं नाही. तुमच्याच वहीतल्या वाटेने चाललेय."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" त्याचा आवाज चढला. "पाच महिने मी एकेक आकडा जुळवतोय, आणि तुम्ही..."

"पाच महिने इंजिन चालू ठेवून गाडी डेपोत उभी!" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "अहो, धुराने गुदमरायला होतं बघणाऱ्याला!"

"मग बघू नका. कुणी धरून ठेवलंय तुम्हाला? पंधरा दिवसांसाठी आला होतात. जा ना आपल्या घरी!"

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, जीभ हासडून टाकावी. पण सासूबाई रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

"कशी जाऊ?" त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीने मला तिच्या गळ्याची शपथ घातलीय, तुम्हाला एकटं सोडायचं नाही म्हणून. भाजीला जाते ती वीस मिनिटांत परत येते, घड्याळ लावून. तेही तुम्ही झोपलेले असलात तर. माझ्या डेपोतल्या मैत्रिणी समुद्रावर जायचं म्हणून दोनदा विचारून गेल्या, दोनदा नाही म्हटलं. माझं घर सात महिने बंद आहे. कुंड्यांचं काय झालं असेल ते देवाला ठाऊक."

"एकटं का नाही सोडायचं?"

 सासूबाईंनी खिडकीकडे पाहिलं. चौथ्या मजल्याची खिडकी. तिला नवे गज बसवले होते. मिस्त्रीला वाटलं होतं, चोरांसाठी.

तो मटकन खुर्चीत बसला. "आई, असलं काही माझ्या मनातसुद्धा नव्हतं."

"आम्हाला कसं कळणार? तुम्ही काही बोललात का कधी? तुमच्या तोंडाला कुलूप, म्हणून दाराला कुलूप. तिघंही आत."

पाकोळी ताऱ्यापासून दूर जाऊन स्थिर झाली होती. यंत्र बारीक आवाजात सांगत होतं, टाकी भरली. मिस्त्रीने टॉवेलने तोंड पुसलं, मग परत पुसलं, आणि पडद्याकडे बघतच बोलायला लागला.

"त्या दिवशी मी पाटी लावली नव्हती. 'काम चालू आहे' ची पाटी असते, ती प्रत्येक मजल्यावर लावायची, आणि खाली वहीत सही करायची. दहा मिनिटांचं काम आहे म्हणून मी दोन्ही केलं नाही. अठरा वर्षं मी नव्या लोकांना तेच शिकवतो. वीज गेल्यावर लोक जिन्याने घरी निघाले. सगळं ऐकू येत होतं मला. हसत होते, सुट्टी मिळाली म्हणून. मी तासभर ओरडलो. मग एकदा आवाज आला, अगदी भिंतीपलीकडून. 'आत कुणी आहे का?' असं कुणीतरी विचारलं."

"मग?"

"मी गप्प बसलो."

सासूबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"लाज वाटली, आई. सगळे जमतील, कंपनीचे लोक येतील, विचारतील, पाटी कुठेय? म्हटलं वीज येईल, मी गुपचूप उतरेन, कुणाला कळणारही नाही. तो माणूस गेला. वीज आलीच नाही. मग खरंच ओरडायचं ठरवलं, तर आवाजच फुटेना. तोंड उघडायचो आणि नुसती हवा. सहा तास. मला बाहेर काढलं तेव्हा ते म्हणाले, ओरडला का नाहीस? मी म्हटलं, ओरडलो, कुणी ऐकलं नाही."

बाहेर कुणाच्या तरी घरी मिक्सर चालू होता. तो बंद झाल्यावर सासूबाईंनी चष्मा परत लावला.

"हे तिला सांगा," सासूबाई म्हणाल्या. "आजच. मी संध्याकाळी भाजीला जाते, आणि या वेळी घड्याळ लावणार नाही."

त्याने सांगितलं. बायको त्याला जवळ घेईल, किंवा रडेल, अशी त्याने मनाची तयारी केली होती. ती संतापली.

"कुणीतरी हाक मारली आणि तू गप्प बसलास? त्या दिवशी दुपारपासून तुझा फोन लागत नव्हता म्हणून मी पाच इस्पितळांत फोन केले होते! शवागारात विचारलं होतं, मिस्त्री, शवागारात! माझ्याच प्रयोगशाळेतून, माझ्याच लोकांसमोर!" तिने हातातली पिशवी टेबलावर आपटली. त्या रात्री ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. सकाळी मात्र कामावर जाताना ती दारात थांबली. "तोंड उघडलं आणि आवाज आला नाही, असं म्हणालास ना?"

"हो."

"दारापाशीही तसंच होतं का? हात उचलतो आणि..."

"अगदी तसंच."

"एवढं तरी कळलं मला," ती म्हणाली, आणि गेली.

अठरा तारखेला तो डॉक्टरकडे जाऊ शकला नाही. त्याआधी त्याने कंपनीला पत्र लिहिलं, हाताने, चार वेळा फाडून. पाटी लावली नव्हती, सही केली नव्हती, चूक माझी, असं त्यात स्पष्ट लिहिलं. चांगलं उत्तर येईल अशी त्याची कल्पना नव्हती आणि तसं ते आलंही नाही. नोकरी गेली. पाटीबद्दल एक ओळ होती, खोटं सांगितल्याबद्दल दोन. बायकोने ते पत्र कपाटात कपड्यांखाली ठेवलं. त्या डॉक्टरबाईंना मात्र मिस्त्रीने स्वतःहून फोन लावला, आणि या वेळी 'बरं वाटतंय' म्हणाला नाही.

मैत्रिणी तिसऱ्यांदा विचारायला आल्या तेव्हा सासूबाई समुद्रावर गेल्या. सहा दिवस. पहिल्या सकाळी बायको कामावर गेली आणि मिस्त्री कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा दिवसभर घरात एकटा राहिला. बायकोने दर तासाला फोन केला. त्याने प्रत्येक वेळी उचलला आणि सासूबाईंच्या अकराव्या उडीपासून पुढे आता कितवी चालू आहे ते सांगितलं. तिला त्यातलं काही कळत नसे, पण आकडा वाढतोय एवढं कळायचं. तीन वेळा त्याला वाटलं, तळावर परत फिरावं. दोनदा त्याने यान वळवलंही. सहा दिवसांत चारशे उड्या झाल्या. गट केव्हाच पुढे निघून गेला होता. ज्या ताऱ्यांजवळ तो पोचे तिथे कुणीच नसे, आणि वहीतली वाट एका विरळ पट्ट्यात चुकीची निघाली, तेव्हा त्याने तिथल्या तिथे दुसरी शोधली.

सातव्या दिवशी दुपारी फोन वाजला. सासूबाई.

"मी खाली आलेय. बॅग जड आहे हो, शिंपले भरलेत. तुम्ही येता का घ्यायला?"

"आई, तुम्हाला माहितीये."

"माहितीये. म्हणून लिफ्टमध्ये ठेवून पाठवतेय. मी मागून जिन्याने येते, गुडघे मोकळे होतील. दार उघडा, कुणी दुसऱ्यानेच बॅग नेली तर तुमच्या नावाने ओरडेन." आणि फोन बंद.

मिस्त्री दाराशी गेला. भिंतीत मोटर गुणगुणू लागली. कडीवर हात गेला, थांबला, आणि तळहात भिजला. डबा दुसऱ्या मजल्यावरून वर आला. त्याने कडी काढली. लिफ्ट दारापासून चार पावलांवर होती. तिचे दरवाजे त्याच्या डोळ्यांसमोर उघडले, आत निळी बॅग एकटीच उभी, आणि दरवाजे परत मिटायला लागले. तो भिंतीला चिकटून पुढे झाला आणि बाहेरची कळ दाबली. दरवाजे पुन्हा उघडले. आत पाऊल टाकणं शक्यच नव्हतं. त्याने दारामागची छत्री आणली, तिची मूठ बॅगेच्या पट्ट्यात अडकवली, पुन्हा कळ दाबली आणि ओढली. बॅग फरशीवर आडवी पडली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. त्याने पुन्हा ओढली. शिंपले खुळखुळले, आणि बॅग उंबरठ्यावरून बाहेर आली.

दरवाजे मिटले. मिटताना शेवटच्या वीतभर अंतरात एक कोरडा खरखराट झाला. तो तिथेच बॅगेवर बसून राहिला. कान तिकडेच लागला होता. त्याने आणखी एकदा कळ दाबली, आणि दरवाजे उघडून मिटताना ऐकलं.

सासूबाई धापा टाकत वर पोचल्या तेव्हा तो अजून बाहेरच होता.

"डाव्या दरवाजाचं चाक झिजलंय," तो म्हणाला. "महिन्याभरात अडकेल हा. कुणीतरी इमारतीच्या व्यवस्थापकाला सांगायला हवं."

"कुणीतरी म्हणजे?"

 मिस्त्रीने खिशातून फोन काढला आणि त्यात व्यवस्थापकाचा नंबर आहे का ते शोधू लागला.